अप्पांच्या गाडीचे ब्रेक

लातूरला मी खोली शोधत फिरत होते. तीन घरं पाहून झाली होती. चौथ्या घराच्या मालकांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, पाहुणेरावळे किती येतात तेही विचारलं नाही. दारात लावलेल्या माझ्या स्कूटीकडं बोट करून म्हणाले, "तुमची का?"

मी हो म्हटलं. ते खाली उतरले, गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, उकिडवे बसले आणि मागचं चाक हातानं फिरवून कान लावून ऐकू लागले. साठीचा माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी.

"मागचे ब्रेक शू संपलेत," ते उठून म्हणाले. "कवा बदलले होते?"

"माहीत नाही."

"मग फिरून कसं राहिलाव तुम्ही?"

"शू बदलून घ्या, मग सामान आणा," म्हणाले आणि आत गेले. खोली मिळाली होती, हे मला दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितल्यावर कळलं. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या म्हणाल्या, "त्यांचं असंच हाय. माझ्या बापानं लग्नात सायकल दिली होती, तिचाबी ब्रेक आधी दाबून बघितला."

तेव्हा लातुरात क्लासेसची नुसती लाट आलेली होती. बारावीची पोरं देगलूर, चाकूर, किनवट, कुठून कुठून यायची. आमच्या गल्लीत लोकांनी गोठे पाडून खोल्या बांधल्या, एकेका खोलीत सहा-सहा कॉट टाकल्या. मी स्वतः किनवटची, वसतिगृहात वाढलेली. एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आले होते. माझ्या घरमालकांच्या, म्हणजे अप्पांच्या, घरावर मात्र एकच खोली होती. खाली अंगणात पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एका वेळी गिऱ्हाईकाची एकच गाडी. फक्त ब्रेकचं काम. कुणी म्हणालं, अप्पा, क्लच पण बघा की, तर म्हणायचे, "त्याला गावात लई जण हायती." इंजिनाला ते हात लावत नसत. निलंग्याकडचे, घरात कन्नड बोलणारे. चाकाशी काम करताना स्वतःशी पुटपुटायचे, "निल्लू, निल्लू." निल्लू म्हणजे थांब. मला आधी वाटायचं, काही मंत्र म्हणत असतील.

गावात त्यांना ब्रेक अप्पा म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, थोडी भीती.

दुपारी क्लासची एक पाळी सुटायची आणि दुसरी भरायची, तेव्हा चौकात पोरापोरींच्या सायकली नि स्कूट्या पुरासारख्या यायच्या. अप्पा पाना आणि तेलाचा डबा घेऊन कडेला उभे असायचे. एखादी सायकल खडखडत आली की सरळ हँडल धरायचे. "थांब. एक मिनिट. मरायची घाई हाय का?" पोरं चिडायची, हसायची, काही जण घाबरून खाली उतरायची. अप्पा ब्रेकची तार ओढून घट्ट करायचे, रबर फिरवून बसवायचे आणि पाठीवर थाप मारून सोडून द्यायचे. एकदा देगलूरची एक बाई पोराला भेटायला आलेली. आपल्या पोराची सायकल कुणी अनोळखी माणूस ओढतोय म्हणून तिनं आरडाओरडा केला. लोक जमले. अप्पांच्या सदऱ्याची बाही फाटली. मी तिथूनच जात होते, मध्ये पडले, हे माझे घरमालक आहेत, चांगले आहेत असं सांगितलं. बाई म्हणाली, "मग घरी बांधून ठेवा की त्यांना."

अप्पा तिला म्हणाले, "बाई, तुमच्या पोराचा पुढचा ब्रेक लागत न्हाई. मारा मला, पण तेवढा बसवून देऊ द्या."

आणि फाटक्या बाहीनं त्यांनी तो बसवून दिला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अप्पा, कशाला हे? मार खाल एखाद्या दिवशी."

"पळणं इंजिनचं काम हाय मॅडम," ते म्हणाले. "थांबणं माणसाचं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मी ते इतक्या वेळा ऐकलं, की पुढं पुढं ऐकूच येईना.

ते स्वतः रस्त्यावर कुठल्याच वाहनात बसत नसत. फार झालं तर एसटी, तीही ड्रायव्हरच्या मागं उभं राहून, त्याच्या पायाकडं बघत. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला पायी. आणि तरीही शेडमध्ये त्यांची स्वतःची एक गाडी होती. लाल रंगाची, जुनी, छोटी, मागं डिकीचं शेपूट नसलेली चारचाकी. ती त्यांनी नांदेडच्या एका पोराकडून घेतली होती. त्या पोरानं तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं, रुंद टायर घातले होते, मागं पंखासारखी पट्टी लावली होती, सायलेन्सरचा आवाज ट्रकसारखा केला होता. ब्रेक मात्र कंपनीतून आले तेच. चारी चाकांना छोटे ड्रम, आणि पेडलला जोर देणारा बूस्टरसुद्धा नाही.

"एवढी ताकद पळायला वाढवली त्यानं," अप्पा मला पहिल्यांदा ती दाखवताना म्हणाले, "आणि थांबायची हाय तेवढीच. ही गाडी रस्त्यावर सोडली असती तर कुणाला तरी घेऊन गेली असती. म्हणून आणली."

"मग इंजिन काढून टाका की."

"न्हाई," ते म्हणाले. "हिला थांबायला शिकवायचं."

तिला थांबायला शिकवण्यात अडीच-तीन वर्षं गेली. मी आले तेव्हा पुढचे ड्रम निघाले होते आणि डिस्क बसवायचं चाललं होतं. डिस्क त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीची घेतली, तर ती मूळच्या चाकात मावेना. मग एका इंचानं मोठी चाकं आणली. मग पेडल फार खोल जायला लागलं, कारण डिस्क चिमटीत धरणाऱ्या मोठ्या कॅलिपरला तेल जास्त लागतं. मग पेडलमागून तेल ढकलणारा मोठा मास्टर सिलेंडर. मग बूस्टर. मग रबरी नळ्या दाबानं फुगतात म्हणून जाळीच्या नळ्या. प्रत्येक गोष्ट बसली की दुसरी उघडी पडायची. एक डिस्क नांदेडच्या भंगार बाजारातून मीच आणली. गावाहून परतताना बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवली होती. कंडक्टरनं बॅग उचलली आणि म्हणाला, "म्याडम, दगडं घेऊन चाललाव का लातूरला?" घरी आल्यावर अप्पांनी ती डिस्क खिडकीच्या उजेडात धरून फिरवली, नखानं कड तपासली आणि जेवायच्या ताटाशेजारी ठेवून जेवले. काकू त्या डिस्ककडं सवतीकडं बघावं तसं बघत होत्या.

रविवारी सकाळी ते गाडी गल्लीमागच्या मोकळ्या प्लॉटवर नेत. तिथं पुढं एका क्लासची चार मजली इमारत झाली, पण तेव्हा नुसती मुरमाची जमीन होती. ते चुन्याची एक रेघ मारायचे. रेघेपासून काही अंतरावर एक लाकडी पाट उभा करायचे, मागून वीट लावून. मग लांबून गाडी पळवत आणायची आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. गाडी थांबली की उतरून टेपनं मोजायचं, पाटापर्यंत किती राहिलं. आकडा शेडच्या भिंतीवर खडूनं. मला वेळ असला की टेपचं दुसरं टोक मी धरायचे.

एकदा मी त्यांना वर्गात शिकवते ते सूत्र सांगितलं. वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागतं. अप्पांना ते फार आवडलं. त्यांनी मला भिंतीवर लिहायला लावलं. बराच वेळ बघत राहिले.

"ह्यात रस्त्यावरचा माणूस कुठं धरलाय?" त्यांनी विचारलं.

"माणूस नसतो यात, अप्पा. नुसती गाडी."

"मग अर्धंच हाय तुमचं सूत्र."

मी हसले. तेव्हा मला कळायला हवं होतं. पाट कमरेइतकाच उंच का, हेही मी कधी विचारलं नाही.

ज्या दिवशी कळलं तो रविवारच होता. नव्या नळ्या बसवल्या होत्या आणि त्यातली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि धरायचं. दुसऱ्यानं खाली चाकाशी बसून छोटा बोल्ट ढिला करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडले की पुन्हा आवळायचा. मग पेडल सोडायचं. असं चारी चाकांना, बुडबुडा यायचा बंद होईपर्यंत. मी आत बसले होते. अप्पा मला दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता.

"दाबा. दाबा. धरा. ... सोडा."

बराच वेळ असं चाललं. कंटाळून मी विचारलं, "अप्पा, गाडी झाली की जायचं कुठं आहे?"

"दाबा," ते म्हणाले. "धरा."

मी धरलं. खालून काही आवाज आला नाही. बोल्ट उघडला असता तर पेडल खाली गेलं असतं, पण ते तसंच कडक राहिलं. माझ्या पोटरीला रग लागली.

"किल्लारीकडं जायचंय," खालून आवाज आला. "तिथल्या एका गावाला. धरून ठेवा, सोडू नका."

आणि मग मी पेडल धरून बसलेली असताना त्यांनी ते सांगितलं. मला वाटतं, मी हलू शकत नव्हते आणि त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणूनच सांगता आलं असेल.

भूकंप झाला त्या साली अप्पा दुसऱ्याची जीप चालवायचे. लातूर ते निलंगा, सीटा भरून. पहाटे जमीन हलली. उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या. दुपारपर्यंत ज्याच्याकडं चाकं होती तो प्रत्येक जण तिकडं गेला. अप्पाही गेले. पहिल्या फेरीत त्यांनी चौदा जखमी आणले. दुसऱ्या फेरीत किती ते मोजलं नाही, टपावरही माणसं होती. तिसऱ्या फेरीला बारीक पाऊस लागला होता.

"जीपचा ब्रेक महिनाभर नरम होता," अप्पा म्हणाले. "मास्टर सिलेंडरचं रबर गेलं होतं. दोनदा दाबला की तिसऱ्याला धरायचा. मला ठाव होतं. सवय झाली होती तशीच चालवायची. म्हटलं, पुढच्या हप्त्यात बघू."

एका गावाजवळ उतार होता, खाली ओढ्याचा पूल. उताराच्या मधोमध एक बाई उभी होती. एक हात वर केलेला, दुसऱ्या हातात मुलीचं बोट. मुलगी सहा-सात वर्षांची. मातीनं भरलेली, एक हात गळ्यात बांधलेला, पण स्वतःच्या पायावर उभी. आधीच्या सगळ्या गाड्या भरून न थांबता गेल्या असतील, म्हणून ती बाई आडवी आली होती.

"मी दाबला. खाली गेला. पुन्हा दाबला. खाली गेला. तिसऱ्याला धरला मॅडम. पण दोन दाबांत जेवढा रस्ता जातो ना..."

मी पेडल सोडलं नाही.

बाईला कुणीतरी ओढलं, ती कडेला पडली. मुलगी तिथंच राहिली. अप्पांनी दोघींना जीपमध्ये घेतलं, आधीच्या माणसांच्या मांडीवर. लातूरच्या दवाखान्याच्या आवारात एक जण वही घेऊन बसला होता. त्यानं मुलीचं नाव विचारलं, गाव विचारलं आणि लिहून घेतलं. कशानं गेली हे विचारलं नाही. त्या दिवशी त्या वहीत जो कुणी लिहिला गेला तो भूकंपानंच गेला होता.

"मी तिथं उभा होतो," अप्पा म्हणाले. "कुणी तरी धरील, मारील, म्हणून उभा होतो. एक पोलीस आला. म्हणाला, डिझेल हाय का? मी म्हटलं, हाय. तर म्हणाला, मग उभा काय राहिलास, जा की, माणसं पडलीत तिकडं. मी गेलो. चौथी फेरी केली. तसल्याच ब्रेकवर केली मॅडम. दुसऱ्या दिवशी रबर बदललं. वीस मिनिटांचं काम होतं."

थोड्या वेळानं म्हणाले, "सोडा आता."

मी पाय उचलला तेव्हा तो माझा राहिला नव्हता. बाहेर आले, तर अप्पा चाकाशी बसून फडक्यानं हात पुसत होते. हात आधीच स्वच्छ होते. भूकंपानंतर त्यांनी जीप सोडली होती. कुठलीच गाडी रस्त्यावर चालवली नव्हती. काकूंना माहीत होतं. बाकी कुणाला नाही.

आणि इथं मी शहाणपणा केला.

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही त्या बाईंना एकदा भेटून या. सांगून टाका. मन हलकं होईल."

"जायचंच हाय," ते म्हणाले. "त्याच रस्त्यानं, गाडी चालवत. पण गाडी तयार झाली की."

मग माझ्या लक्षात आलं, की गाडी कधीच तयार होणार नव्हती. हवा निघाली तर मागची चाकं आधी जाम होऊ लागली. मागच्या चाकांचं तेल कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला, तर डिस्क दाबणारे पॅड गरम झाल्यावर वास येतो म्हणून दुसरे पॅड. पावसात मोजायचं राहिलं. उतारावर मोजायचं राहिलं. मी दर रविवारी बोलायला लागले. पुढं पुढं मलाच त्यांचं ओझं होऊ लागलं होतं, आणि मला ते उतरवायचं होतं. ती गरज माझीही होती, असं आता वाटतं. शेवटी एका रविवारी मी वही घेऊन बसले. भिंतीवरचे सगळे आकडे उतरवून घेतले, गणित मांडलं आणि त्यांना दाखवलं, की त्या मुरमावर यापेक्षा कमी अंतरात कुठलीच गाडी थांबणार नाही. चाकं आणि जमीन यांची जेवढी पकड आहे तेवढी सगळी ही गाडी वापरते. "यापुढं तुमच्या हातात काही नाही, अप्पा. गाडी तयार आहे."

त्यांनी वही बराच वेळ धरून ठेवली. वाचता येत नव्हतं असं नाही.

"तुम्ही म्हणता?"

"मी म्हणते."

"मग चला तुमीबी," ते म्हणाले.

काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "बाई, जे झाकलंय ते झाकलेलं बरं. तुम्ही शिकलेल्या हाव, पण हे नका करू." मी त्यांनाही समजावलं. बोलून मोकळं होण्याचं महत्त्व वगैरे. त्या ऐकून घेऊन खाली गेल्या.

आम्ही सकाळी निघालो. औशाच्या पुढं रस्ता चांगला झालेला होता. अप्पा तीसच्या वर गेले नाहीत. मागून हॉर्न वाजत होते, क्लासला पोरं पोचवणाऱ्या जीपा समोरून भरून येत होत्या. त्या ओढ्याजवळचा पूल आता रुंद झाला होता, उतारही कमी केला होता. अप्पांनी मला जागा दाखवली नाही. गाडी हळू झाली, थांबली, त्यांनी समोर बघत दोन-तीन श्वास घेतले आणि पुन्हा गिअर टाकला. एवढंच.

गाव जुन्या जागेवर नव्हतं. भूकंपानंतर दीड-दोन कोसांवर नवं वसवलेलं, सरळ रेघेतली सारखी घरं. मुलीचं नाव आणि बापाचं नाव अप्पांना पाठ होतं. विचारल्यावर एका माणसानं शाळेच्या मागचं घर दाखवलं. "ती एकटीच असती," तो म्हणाला. "सगळं गेलं तिचं."

बाई दारात तुरीची डाळ निवडत होती. पन्नाशीची असेल. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, सतरंजी टाकली, पाणी आणलं. भूकंपाच्या गावात अनोळखी माणसं येतात, प्रश्न विचारतात, लिहून नेतात. तिला तशी सवय असावी. दाराशेजारी भिंतीत एक काळा दगड बसवला होता. त्यावर पाच नावं होती. नवरा, सासू, दोन मुलगे आणि शेवटचं त्या मुलीचं.

अप्पांनी पाणी घेतलं नाही. उभेच राहिले.

"बाई, मी जीपवाला," ते म्हणाले. "त्या दिवशीचा."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं ओळखलं. तिच्या तोंडावरचं सगळं एकदम थांबलं, म्हणून मला ते कळलं.

अप्पांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, महिनाभर नरम असलेल्या ब्रेकसकट. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुमची पोरगी भूकंपानं न्हाई गेली बाई. माझ्यानं गेली. मला ठाव होतं ब्रेक लागत न्हाई ते."

"न्हाई," ती म्हणाली. आवाज शांत होता. "ती भूकंपानंच गेली. आतून मार होता तिला. मातीतनं काढली तवाच तिच्यात काय राहिलं नव्हतं. समदे म्हणाले तसं."

"ती चालत होती बाई. तुमचं बोट धरून."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

ती उठून उभी राहिली. "मग रस्त्यावर तिला कोण घेऊन गेलं?" ती म्हणाली. "मीच ना? बाया म्हणत होत्या, थांब, गाडी गावातच यील. मी ऐकलं न्हाई. आडवी गेले. घर पडलं त्यातनं वाचलेलं माझं लेकरू, आणि मी त्याला हाताला धरून चाकाखाली नेलं. हेच सांगायला आलाव का तुम्ही इतक्या वर्सांनी?"



"माझी पाच माणसं भूकंपानं नेली," ती म्हणाली. "देवानं नेली, जमिनीनं नेली, कुणीबी नेली. म्हणून मी भाकर खाते. तुम्ही एक त्यातनं काढलं तर मी काय करू? सांगा की. काय करू मी?"

ती रडत नव्हती. उत्तर मागत होती. रस्त्यावर एक शेळी ओरडत होती. मी सतरंजीकडं बघत बसले. मला माझी ती वही आठवत होती, तिच्यातली दोन पानं गणितं.

अप्पांनी डोक्याची टोपी काढली, पुन्हा घातली. त्या दगडाकडं बघितलं. मग म्हणाले, "बाई, माझं चुकलं."



"मी गाव चुकलो," अप्पा म्हणाले. "माझी जीप पलीकडच्या रस्त्याला होती. तिथली बाई दुसरी, पोरगी दुसरी. त्या दिवशी लई जण होते रस्त्यावर. इतकी वर्सं झाली, ध्यानात राहत न्हाई. तुम्हाला बघितलं आणि वाटलं, त्याच असतील. तुमची न्हवं ती."

बाईचे हात पदराला घट्ट धरून होते. ती म्हणाली, "दुसरी होती?"

"हाव. दुसरीच."

"नक्की?"

"लिंगाची शपथ," अप्पा म्हणाले आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावला. हा माणूस सकाळी त्याची पूजा केल्याशिवाय चहाही घेत नसे.

ती खाली बसली. सूप पुढं ओढलं, दोन-चार दाणे निवडले. मग मान वर न करता म्हणाली, "मग त्या दुसरीच्या आईला हुडकू नका. तिला सांगू नका हे."

"न्हाई सांगत," अप्पा म्हणाले.

तिनं ओळखलं होतं, हे मी पाहिलं होतं. अप्पांनीही पाहिलं होतं. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

त्यानंतर अप्पा चार वर्षं जगले. मी मध्येच नांदेडच्या एका क्लासला गेले. ते गेल्याचं मला काकूंच्या फोनवरून कळलं. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, ती भंगारवाला घेऊन गेला, असं त्या म्हणाल्या. मला त्या एकदाही काही बोलल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. कशाची मागायची, ते नीट शब्दांत बसत नव्हतं.

त्या दिवशी त्या गावाहून परत येताना अप्पा तीसच्याच वेगानं चालवत होते. औसा मागं पडलं. लातूरच्या अलीकडं त्यांनी गाडी कडेला घेतली, एकाच दाबात, हलक्या पायानं, आणि इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. मला वाटलं, रडतील.

"मॅडम," ते म्हणाले, "ती एकच होती, जिला सांगता आलं असतं. आता कुणाला सांगू?"

समोरून गाड्या जात होत्या. मी खिडकीची काच खाली केली.